नळीची लांबी कोण ठरवते?

बंदुकीची नळी किती लांब असावी, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतात, “जितकी लांब तितकी चांगली. गोळी दूर जाते.” उत्तर अगदीच चुकीचे नाही. पण मग दुसरा प्रश्न विचारावा लागतो. असे असेल तर गेली तीनचारशे वर्षे जगातल्या सैन्यांनी मुद्दाम आखूड नळीच्या बंदुका का बनवल्या? त्यांना ‘कार्बाइन’ असे वेगळे नाव का मिळाले? आणि ज्यांना अशा बंदुकीची गरज नाही, ते लोकही आपली साधी रायफल सोव्हिएत लष्करी कार्बाइनसारखी दिसावी म्हणून खटपट का करतात?

प्रश्न शस्त्राचा दिसतो, पण त्याचे उत्तर भौतिकशास्त्र, इतिहास आणि कायदा अशा तिन्ही विषयांत विखुरलेले आहे. ते गोळा करण्यासाठी अहमदनगर जिल्हा (आताचे नाव अहिल्यानगर) फार सोयीचा आहे. सोळाव्या शतकातली एक अजस्र तोफ इथे ओतली गेली. १८०३ मध्ये इथल्या पेठेच्या तटावर बंदुकांची गाठ पडली. भारतीय लष्कराचे रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ या दोघांचीही प्रशिक्षण केंद्रे इथेच आहेत. नळीच्या लांबीची गोष्ट आपण या वाटेने पाहू या.

नगरात ओतलेली आखूड तोफ

विजापूरला सहल नेणाऱ्या शिक्षकांना ‘मलिक-ए-मैदान’ किंवा ‘मुलुखमैदान’ तोफ ठाऊक असते. ती विजापूरच्या बुरुजावर असली तरी जन्माने नगरची आहे. १५४९ साली बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहंमद बिन हसन रूमी याने ती अहमदनगरात ओतली. ‘रूमी’ म्हणजे तुर्कस्तानच्या बाजूचा. तोफा ओतण्याच्या विद्येत त्या काळी उस्मानी तुर्क अग्रेसर होते आणि दक्षिणेतल्या सुलतानांनी त्यांच्या कारागिरांना मानाने चाकरीस ठेवले होते. पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये मुरारपंताने ती विजापूरला नेली.

तोफेची मापे वहीत लिहून घेण्याजोगी आहेत. लांबी सुमारे ४.४५ मीटर, तोंडाच्या पोकळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, वजन सुमारे ५५ टन. धातू तांबे व कथील यांचा, घंटेच्या काशाच्या जातीचा. आता लांबीला व्यासाने भागा. उत्तर सुमारे साडेसहा येते. म्हणजे एवढी प्रचंड वाटणारी ही तोफ प्रमाणाने पाहिली तर आखूड आणि रुंद तोंडाची आहे.

त्याच विजापुरात उपली बुरुजावर एक ‘लांब तोफ’ आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या पट्ट्या उभ्या जोडून त्यांवर कडी चढवून ती घडवली आहे. तिची लांबी ९ मीटरांहून अधिक, तोंडाचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर. इथे भागाकार तीसच्या पुढे जातो. एकाच शहरात, एकाच युगातल्या या दोन तोफा, पण एक बुटकी आणि एक लांबडी. दोन्ही घडवणारे जाणकारच होते. मग फरक का?

कारण दोघींची कामे वेगळी होती. जड दगडी गोळा किंवा तोफेत भरलेले धातूचे तुकडे जवळून शत्रूच्या दाटीवर फेकायचे असतील तर तोंड रुंद हवे, लांबी गौण. बुरुजावरून दूरवर लहान गोळा टाकायचा असेल तर नळी लांब हवी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखाना रूमीखानाच्या हुकमतीखाली होता. फरिश्ता हा इतिहासकार स्वतः काही काळ निजामशाहीच्या चाकरीत होता. तो लिहितो की, पुढे मोठ्या तोफा, त्यामागे मध्यम आणि सर्वांत मागे लहान फिरत्या तोफा अशा तीन रांगा लावल्या होत्या, आणि विजयनगरचे सैन्य अगदी जवळ आल्यावर तांब्याच्या नाण्यांनी ठासलेल्या तोफा डागल्या गेल्या. नाणी दूर जात नाहीत. पण त्या क्षणी दूर जाण्याची गरजही नव्हती. नळीची लांबी पल्ला ठरवते हे खरे. परंतु पल्ला किती हवा, हे काम ठरवते.

कंपनीने कापलेले सात इंच

आता अडीचशे वर्षे पुढे येऊ. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज पायदळाच्या बंदुकीची नळी ४६ इंच, म्हणजे सुमारे ११७ सेंटिमीटर लांब होती. एवढ्या लांबीची दोन कारणे सांगता येतात. सैनिक रांगा करून उभे राहत आणि मागच्या रांगेतल्याची नळी पुढच्याच्या खांद्यापलीकडे पोचावी लागे. शिवाय टोकाला संगीन लावली की बंदुकीचा भाला होई आणि चाल करून येणारा घोडेस्वार दूर राही. म्हणजे त्या नळीच्या लांबीत गोळीबाराइतकाच भालाही दडलेला होता.

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातल्या आपल्या फौजेसाठी याच बंदुकीची सुटसुटीत आवृत्ती बनवून घेतली. नळी ३९ इंच, जोडसामान साधे, किंमत कमी. ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने ती ओळखली जाते. गोळीच्या माऱ्यात फारसा फरक पडला नाही. कारण त्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे. ठासायला सोपे जावे म्हणून. त्या फटीतून वायू निसटत असल्याने शेवटच्या सात इंचांत गोळीला मिळणारा जोर थोडाच होता. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९० च्या दशकात खुद्द इंग्लंडच्या सैन्याने हीच आखूड बंदूक स्वीकारली. वसाहतीसाठी केलेली काटकसर मायदेशात प्रमाण ठरली.

या बंदुकांच्या समोर आपल्याकडे काय होते? महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीकडून कवायती ‘कंपू’ उभे केले होते. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि युरोपीय नमुन्याच्या बंदुका तयार होत. समकालीन जाणकारांनी त्यांच्या दर्जाची तारीफ केली आहे. नक्कल उत्तम होती.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातल्या अहमदनगरावर आर्थर वेलस्ली चालून आला. ८ ऑगस्टला पेठेच्या तटाला शिड्या लावून त्याने पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला शरण आला. पेठेत अरब शिपाई आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाची तुकडी होती व त्यांनी झुंज दिली. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवली. ती लढाई इंग्रजांनी जिंकली, पण जबर किंमत मोजून. याच सुमारास कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना सोडून येण्याचे आवाहन केले, आणि पुष्कळजण निघून गेले.

या घटनेतून एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंदुकीचा आकार, नळीची लांबी, घोड्याची यंत्रणा यांची हुबेहूब नक्कल करता येते. आग्र्याच्या कारागिरांनी ती करून दाखवली. परंतु त्या आकारामागे उभी असलेली व्यवस्था, म्हणजे अधिकारी, पगार, शिक्षण, रसद, ही आकाराबरोबर आपोआप येत नाही. नकलेची ही मर्यादा पुढे पुन्हा भेटणार आहे.

घोडेस्वाराची कराबीन

कार्बाइन हा शब्द फ्रेंचांकडून आला. जुन्या मराठीत त्याचे ‘कराबीन’ झाले. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातल्या घोडेस्वारांना दिलेली आखूड बंदूक ती कराबीन. लांब बंदूक घोड्यावर पाठीला लावली तर मांडीला व खोगिराला अडते. लगाम एका हातात धरून ती पेलताही येत नाही. तोड्याच्या बंदुकीत तर जळती वात सांभाळत दौडणे आले. मराठा स्वाराने भाला व तलवार यांवर भिस्त ठेवली, त्यामागे हेही एक व्यवहारी कारण होतेच.

नळी आखूड केली म्हणजे काम संपले, असे मात्र होत नाही. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचे उदाहरण पाहा. पायदळाच्या रायफलीची नळी सुमारे ३३ इंच, घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे २१ इंच. रायफलीच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू असे. तेवढीच दारू हलक्या कार्बाइनमध्ये वापरली की खांद्याला जबरदस्त धक्का बसे. म्हणून कार्बाइनसाठी ७० ग्रेनचे वेगळे काडतूस काढावे लागले, आणि त्यातली गोळीही हलकी केली गेली. नळीला हात लावला की काडतुसाला हात लावावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी निराळा तोडगा काढला. बोअर युद्धाच्या अनुभवानंतर पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आखूड कार्बाइन हा भेदच त्यांनी मिटवला. दोघांसाठी सुमारे २५ इंची नळीची एकच ‘शॉर्ट’ ली-एन्फील्ड आली. हीच आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’. जिला आपण लांबलचक जुनी रायफल समजतो, तिच्या नावातच मुळात ‘आखूड’ हा शब्द आहे!

घोडे गेले, जागा अपुरीच राहिली

नगरला १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल स्थापन झाले. घोडदळाच्या जुन्या पलटणी तोपर्यंत रणगाड्यांवर स्वार झाल्या होत्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयाच्या नावात ‘कॅव्हलरी’, म्हणजे घोडदळ, हा शब्द आहे तो त्यामुळेच. १९७९ मध्ये यांत्रिक पायदळाची रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्रही नगरलाच आहे. या पायदळाचे वाहन म्हणजे सोव्हिएत बनावटीचे बीएमपी. पुढे त्याची सुधारित आवृत्ती ‘सारथ’ या नावाने आपल्याकडे मेदकच्या कारखान्यात बनू लागली.

बीएमपीच्या मागच्या भागात सैनिक पाठीला पाठ लावून दाटीने बसतात. दार उघडले की क्षणात बाहेर पडायचे. अशा ठिकाणी सव्वा मीटर लांबीची रायफल म्हणजे घोड्यावरच्या लांब बंदुकीसारखीच अडचण. खोगीर गेले, त्याच्या जागी पोलादी पेटी आली. पण प्रश्न तोच राहिला.

सोव्हिएत सैन्याने हा प्रश्न तीन वेळा सोडवला, आणि तिन्ही उत्तरे वेगळी आहेत. पहिले उत्तर जुन्या मोसिन रायफलीचे. १८९१ च्या मूळ नमुन्याची नळी ८० सेंटिमीटर होती. १९३० च्या सुधारित नमुन्यात ती ७३ झाली. १९३८ आणि १९४४ च्या कार्बाइनांत ती ५१-५२ सेंटिमीटरांवर आणली. १९४४ च्या नमुन्याला घडीची संगीन कायमची जोडलेली होती. काडतूस मात्र पूर्वीचेच, लांब रायफलीचे. परिणाम असा की, गोळी नळीबाहेर पडताना दारूचे वायू अजून जोरात असत. तोंडाशी मोठी ज्वाळा उमटे आणि आवाज कान बधिर करी.

दुसरे उत्तर अधिक मुळाशी जाणारे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी काडतूसच लहान केले. लढाईत पायदळाचा गोळीबार बहुधा तीनचारशे मीटरांच्या आतच होतो. मग हजारो मीटरांसाठी बनवलेले काडतूस कशाला? या लहान काडतुसावर आधी सिमोनोव्हची कार्बाइन आणि पाठोपाठ कलाश्निकोव्हची रायफल आली. कलाश्निकोव्हची नळी ४१.५ सेंटिमीटर, म्हणजे आधीच्या कार्बाइनपेक्षाही कमी. कार्बाइनच सर्वांची रायफल होऊन बसली.

तिसरे उत्तर १९७० च्या दशकाच्या अखेरीचे. रणगाड्यांचे व वाहनांचे चालक, तोफची, हेलिकॉप्टरचे वैमानिक यांच्यासाठी कलाश्निकोव्ह-७४ ची नळी जवळपास निम्मी करून ‘एकेएस-७४यू’ ही कार्बाइन बनवली. नळी फक्त २०.६५ सेंटिमीटर. तोंडाला शंकूसारखी जाड टोपी, मागे दुमडणारा दस्ता. चित्रपटांतून आणि वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांतून ही आकृती जगभर पोचली. आज हौशी मंडळी जिची नक्कल करतात, ती बहुधा हीच किंवा तिची थोरली बहीण १९४४ ची मोसिन.

आकडे काय सांगतात?

आता फळ्यावर थोडे गणित मांडू. कलाश्निकोव्ह-७४ आणि तिची आखूड कार्बाइन या दोघींत तेच काडतूस वापरतात. गोळीचे वस्तुमान ३.४३ ग्रॅम. लांब नळीतून गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने बाहेर पडते, आखूड नळीतून सुमारे ७३५ मीटर वेगाने. गतिज ऊर्जेचे सूत्र विद्यार्थ्यांना माहीत असते: वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. पहिली ऊर्जा सुमारे १३९० जूल येते, दुसरी सुमारे ९२५ जूल.

नळी निम्मी झाली, ऊर्जा मात्र निम्मी झाली नाही. ती दोन तृतीयांश राहिली. म्हणजे पहिल्या वीस सेंटिमीटरांत गोळीला ९२५ जूल मिळाले आणि पुढच्या वीस सेंटिमीटरांत केवळ ४६५. असे का? दारूचे प्रमाण ठरावीक, म्हणून वायूचे प्रमाणही ठरावीक. गोळी पुढे सरकते तशी तिच्यामागची जागा वाढते, वायू प्रसरण पावतो, निवतो आणि त्याचा दाब उतरतो. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ, आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. बल उतरत गेले की पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरात होणारे कार्यही कमी कमी होत जाते. दाब आणि अंतर यांचा आलेख काढला तर तो झपाट्याने शिखर गाठून मग लांब उताराने खाली येतो. उताराच्या शेपटाकडचा भाग कापला तर नुकसान थोडे. शिखराजवळ कापले तर जास्त.

मोसिनची तुलना हेच सांगते. नळी ७३ वरून सुमारे ५१ सेंटिमीटर, म्हणजे ३० टक्के कमी झाली. वेग ८६५ वरून सुमारे ८२० मीटर झाला. ऊर्जा केवळ १० टक्के घटली. काडतुसे वेगळी असल्यामुळे ही दोन उदाहरणे थेट एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत, पण आलेखाच्या शेपटाकडचा भाग कापणे आणि मधला भाग कापणे यांतला भेद त्यांतून स्पष्ट होतो.

आखूड नळीची खरी किंमत अन्यत्र मोजावी लागते. स्वयंचलित बंदूक पुढचे काडतूस स्वतः भरते, ते नळीतून वळवलेल्या थोड्या वायूच्या जोरावर. नळी आखूड झाली की गोळी बाहेर पडताच दाब एकदम नाहीसा होतो आणि यंत्रणेला पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून तोंडाशी एक पोकळ कक्ष देऊन वायू क्षणभर अडवावा लागला. चित्रात दिसणारी ती शंकूची टोपी म्हणजे हा कक्ष. ती शोभेसाठी नाही. नळीच्या आतल्या खाचांचा पेचही अधिक दाट करावा लागला. मूळ रायफलीवरची नेमपट्टी १००० मीटरांपर्यंत आखलेली असते, कार्बाइनवरची ५०० पर्यंतच. करवतीने नळी कापली आणि कार्बाइन झाली, असे कधीच होत नाही. एक माप बदलले की दहा मापे नव्याने ठरवावी लागतात.

दिसणे आणि असणे

आता हौशी नकलेकडे वळू. अमेरिकेत खासगी बंदुका विपुल आहेत. तरीही १९३४ च्या एका कायद्याने आखूड नळीच्या रायफलींवर तिथे विशेष नोंदणी व परवानगीचे बंधन घातले. आज ही सीमा १६ इंच, म्हणजे सुमारे ४०.६ सेंटिमीटर आहे. साहजिकच सोव्हिएत कार्बाइनचा सोस असलेले काही हौशी एक युक्ती करतात. नळी कायद्याप्रमाणे लांबच ठेवतात आणि तिच्या पुढच्या भागावर कार्बाइनच्या किंवा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याच्या आकाराचे खोटे आवरण चढवतात. लांबून पाहणाऱ्याला वाटते की आत आखूड नळी आहे.

यातली गंमत पाहा. मूळ कार्बाइन आखूड झाली ती रणगाड्याच्या झाकणातून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी. तिने त्यासाठी ऊर्जा, पल्ला आणि अचूकता यांची किंमत मोजली. या नकलेत वाहन नाही, झाकण नाही, आखूडपणाही नाही. उरला तो आखूडपणाचा देखावा. ज्या टोपीचे मूळ काम वायू अडवण्याचे, ती इथे केवळ शोभेची होते. आग्र्याच्या बंदुका निदान बंदुकीचे काम चोख करत. इथे आकार त्याच्या कारणापासून पुरता तुटला आहे.

भारतात मात्र हा विषय हौसेचा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही, किंवा खोट्या बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करता येत नाही. ज्याच्याजवळ बंदुकीचा रीतसर परवाना आहे, त्यालाही ती मनाप्रमाणे कापण्याची मुभा नाही. कायद्याला नळीच्या लांबीत एवढा रस का असावा? उत्तर सोपे आहे. लांब बंदूक शेतावर, रस्त्यावर, बाजारात चारचौघांना दिसते. आखूड केलेली बंदूक सदऱ्याखाली, पिशवीत लपते. ती दूरवर अचूक मारा करत नाही, पण हातभर अंतरावरचा माणूस मारायला पुरते. म्हणजे लांबीचा एक अर्थ पल्ला, तसा दुसरा अर्थ ‘दिसणे’. समाजाला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची काळजी अधिक आहे, आणि ती योग्यच आहे.

पुण्याच्या प्रयोगशाळेतली वाट

आपल्या सैन्यात व पोलीस दलांत ‘कार्बाइन’ या नावाने दीर्घकाळ वापरली गेली ती ब्रिटिश स्टर्लिंगच्या नमुन्यावर कानपूरला बनलेली ९ मिलिमीटरची बंदूक. ‘इन्सास’ या देशी शस्त्रमालिकेत रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तिन्ही योजली होती. पहिल्या दोन सैन्यात दाखल झाल्या. कार्बाइन मागे पडली. एकच काडतूस लांब आणि आखूड अशा दोन्ही नळ्यांत चालवायचे म्हणजे काय कसरत असते, ते आपण वर पाहिलेच आहे.

पुण्यात पाषाणला असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे एआरडीईने, पुढे वेगळी वाट घेतली. ‘जेव्हीपीसी’ या कार्बाइनसाठी इन्सासच्याच व्यासाचे पण कमी लांबीचे काडतूस निवडले: ४५ मिलिमीटरच्या ऐवजी ३० मिलिमीटर. वजन सुमारे ३ किलोग्रॅम, परिणामकारक पल्ला १०० मीटरांहून अधिक. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या लष्करी चाचण्यांचा शेवटचा टप्पा पूर्ण झाल्याचे संरक्षण खात्याने जाहीर केले. पाठोपाठ जानेवारी २०२१ मध्ये महूच्या इन्फन्ट्री स्कूलने आणि एआरडीईने मिळून घडवलेले ९ मिलिमीटरचे ‘अस्मी’ हे शस्त्र पुढे आले. त्याचे काही भाग त्रिमिती छपाईने तयार केले होते.

मार्टिनी-हेन्रीच्या काळचे ७० ग्रेनचे काडतूस, सोव्हिएत सैन्याचे लहान काडतूस आणि पुण्याचे ३० मिलिमीटरचे काडतूस या तिन्हींत एकच विचार दिसतो. नळी आखूड हवी असेल तर तिच्यात करायचे कामही तेवढेच आखूड करा. हा विचार उचलणे म्हणजे शिकणे. नुसती टोपी उचलणे म्हणजे नक्कल.

वर्गात काय करता येईल?

बंदुकीचा विषय वर्गात काढावा की नाही, असा संकोच अनेक शिक्षकांना वाटतो. मुले चित्रपटांतून आणि खेळांतून ही शस्त्रे रोज पाहतात, त्यांची नावे त्यांना पाठ असतात. गप्प राहिल्याने आकर्षण कमी होत नाही. त्यामागचे ‘का’ विचारले तर मात्र आकर्षणाची जागा समज घेऊ लागते. त्यासाठी बंदुकीची मुळीच गरज नाही. सरबताची नळी पुरते.

६ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या घ्या. १०, २० व ३० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा. लागल्यास दोन नळ्या चिकटपट्टीने जोडा. ओल्या कागदाचा छोटा बोळा मागच्या टोकाला बसवा, नळी टेबलाच्या कडेशी आडवी धरा आणि फुंका. बोळा किती दूर पडतो ते मोजा. फुंकर चालू आहे तोवर दाब साधारण टिकून राहतो, म्हणून लांब नळीतला बोळा बहुधा दूर जातो.

आता फुंकरीऐवजी सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज नळीला घट्ट जोडा आणि दट्ट्या एकदम दाबा. या व्यासाच्या नळीत ५ मिलिलिटर हवा सुमारे १८ सेंटिमीटर लांबी भरते. १० सेंटिमीटरच्या नळीतून बोळा झटकन सुटतो. ३० सेंटिमीटरच्या नळीत तो अडखळतो किंवा आतच थांबतो. हवा संपली, पुढे राहिले ते फक्त घर्षण. दोन्ही प्रयोगांत समोर कोणी उभे राहणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

मुलांनी सुरुवातीला दिलेले “जितकी लांब तितकी चांगली” हे उत्तर मग पुन्हा फळ्यावर लिहावे आणि ते कुठे खरे ठरले, कुठे नाही, हे त्यांनाच सांगू द्यावे. फुंकर संपत नसेल तर खरे. हवा मोजकी असेल तर एका मर्यादेपर्यंतच खरे. आणि ती नळी कोणाच्या हातात, कोणत्या जागेत, कशासाठी असणार आहे हे सांगितल्याशिवाय मुळात उत्तरच देता येत नाही. रूमीने तोफ ओतली तेव्हा, कंपनीने सात इंच कापले तेव्हा आणि आपल्या संसदेने सहावे कलम लिहिले तेव्हाही, हाच शेवटचा प्रश्न आधी विचारला गेला होता.